रिपोर्ट नॉर्मल, पण आंघोळीची धास्ती

पॉलिसायथेमिया व्हेरा हा अस्थिमज्जेचा आजार आहे. हाडांच्या आतली मज्जा गरजेपेक्षा जास्त लाल पेशी बनवते, रक्त दाट होतं आणि गुठळी होऊन पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येऊ शकतो. उपचार साधारण ठरलेले: कमी डोसची अ‍ॅस्पिरिन, अधूनमधून रक्त काढणं, आणि वय साठीपुढे असेल किंवा आधी गुठळी झाली असेल तर बहुतेक वेळा हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल. हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांखाली ठेवायचा.

आम्ही डॉक्टर तो ४५ चा आकडा बघून खूश होतो. माझ्याकडे येणाऱ्या एका काकांचा रिपोर्ट सहा महिने उत्तम होता. निघता निघता काकू म्हणाल्या, "डॉक्टर, हे आठ-आठ दिवस आंघोळच करत नाहीत हो." अंगावर पाणी पडलं की अर्धा तास आग आणि खाज, पुरळ मात्र एक नाही. घरच्यांना वाटायचं, नाटक करतात. या आजारात अशी खाज सुटते हे मला ठाऊक होतं. मी विचारलंच नव्हतं.

म्हणून माझं मत असं, की डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. हायड्रॉक्सीयुरियाने नखं काळपट होतात, त्याला घाबरू नका. पण तोंड सारखं येत असेल किंवा घोट्याजवळची जखम भरत नसेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. "कॅन्सरचं औषध" असं वाचून किंवा शेजारच्यांना सोसलं नाही म्हणून कॅप्सूल परस्पर बंद करू नका. विदर्भातले सिकलसेलचे कितीतरी रुग्ण हीच कॅप्सूल घेतात. आणि औषध बंद केल्यावर रक्त पुन्हा दाट होतं, ते तुम्हाला जाणवेलच असं नाही.

आणखी एक. वारंवार रक्त काढल्यावर लोह कमी दिसतंच. ते पाहून कुणी लोहाच्या गोळ्या दिल्या, तर आधी तुमच्या रक्तविकारतज्ज्ञांना विचारा. लोह मिळालं की लाल पेशी पुन्हा जोमाने वाढतात.

हायड्रॉक्सीयुरिया सोसत नसेल तर इंटरफेरॉन किंवा रुक्सोलिटिनिब आहे. दोन्ही महाग. खर्चाचं बोलायला संकोच करू नका, आम्हालाही ते कळायला हवं.

काकांचं औषध पुढे बदललं. खाज पूर्ण गेलेली नाही, पण आता रोज आंघोळ होते. कोमट पाण्याने, आणि झटपट.