विश्लेषण : विमान चिकलठाण्याला, पुढे काय? जुन्या जालन्याची वाट खरंच सोपी झाली का?

समृद्धी महामार्ग, वंदे भारत, शेजारच्या जिल्ह्यात विमानतळ. कागदावर जालना कधी नव्हे इतके जवळ आले आहे. तरीही चिकलठाण्याला उतरलेला पाहुणा अजिंठा-वेरूळकडे वळतो आणि तासाभरावरचे जालना राहून जाते. बाहेरून आलेल्याने जुन्या शहरात पोहोचायचे कसे, आणि पोहोचल्यावर पाहायचे काय?

सर्वात जवळचा विमानतळ कोणता?

छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ. तो शहराच्या पूर्वेला, जालना रस्त्यावरच आहे. त्यामुळे जालन्याला निघालेल्या प्रवाशाला संभाजीनगर शहरात, क्रांती चौकाच्या गर्दीत शिरावेच लागत नाही. विमानतळाबाहेर पडून पूर्वेकडे वळायचे आणि बदनापूरमार्गे साधारण 50 किलोमीटर सरळ जायचे. टॅक्सीने तास-सव्वा तास. एसटीने जायचे तर जालना, परभणी, नांदेडकडे जाणाऱ्या गाड्या याच रस्त्याने धावतात. मात्र मोठी बॅग असेल तर मध्यवर्ती बसस्थानकातून बसणे बरे, वाटेत जागा मिळेलच असे नाही.

खरी अडचण अंतराची नाही, विमानांची आहे. चिकलठाण्याहून मोजक्याच शहरांना थेट सेवा आहे आणि वेळापत्रक हंगामागणिक बदलते. म्हणून पर्याय माहीत हवेत. शिर्डीचा विमानतळ 2017 पासून सुरू आहे. तेथून समृद्धी महामार्ग धरला की जालन्याचा इंटरचेंज सुमारे दोन-अडीच तासांवर येतो. नांदेडलाही विमानतळ आहे आणि तेथून जालन्यासाठी थेट रेल्वे आहे, पण विमानसेवा मोजकी असल्याने आधी खात्री करून घ्यावी.

मुंबईत उतरल्यास काय?

इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला आणि 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पूर्ण झाला. मुंबईहून मोटारीने जालना आता सकाळी निघून दुपारी गाठता येते. पथकर आणि इंधन धरले तर एकट्या माणसाला हा सौदा महागच पडतो. तिघे-चौघे असतील तर परवडतो.

रेल्वेची गोष्ट वेगळी. 30 डिसेंबर 2023 रोजी मुंबई-जालना वंदे भारत सुरू झाली तेव्हा जालनेकरांनी ती ‘आपली गाडी’ मानली. पहाटे पाचच्या सुमारास जालन्याहून सुटणारी ही गाडी दुपारी बाराच्या आत मुंबईत पोहोचत असे. ऑगस्ट 2025 मध्ये ती नांदेडपर्यंत वाढवण्यात आली. आता ती पहाटे पाचला नांदेडहून निघते आणि मुंबई गाठायला दुपारचे दोन वाजून जातात. परभणी-नांदेडची सोय झाली यात शंका नाही. पण मंत्रालयात काम असलेल्या किंवा दुपारचे विमान पकडायचे असलेल्या जालनेकराचा अर्धा दिवस गेला. जनशताब्दीचेही तसेच झाले, 2024 मध्ये ती हिंगोलीपर्यंत गेली. जालना हे सुरुवातीचे स्थानक राहिले नाही, वाटेतले झाले. मुंबईहून येणाऱ्याला मात्र याने फारसा फरक पडत नाही. त्याच्यासाठी रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस अजूनही सोयीची आहे.

शहर ‘जुने’ आणि ‘नवे’ असे का?

मधून कुंडलिका नदी वाहते म्हणून. एका काठाला जुना जालना, पलीकडे नवा जालना म्हणजे कादराबाद. नाव नवे असले तरी कादराबादही शतकांपूर्वीचेच आहे, हे पाहुण्याला लवकर कळत नाही. सराफा, मोंढा, कापडबाजार या बाजूला. रेल्वे स्टेशन आणि गांधी चमन जुन्या जालन्यात.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण या व्यापारातून आली. गावाच्या नावाबद्दल सांगितली जाणारी आख्यायिकाही तशीच आहे: एका धनाढ्य जुलाह्यावरून, म्हणजे विणकरावरून ‘जालना’. संपत्ती होती म्हणूनच लढायांत या पेठेचे नाव येते. नोव्हेंबर 1679 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी मोगलांच्या ताब्यातील जालन्यावर स्वारी केली. ही त्यांच्या अखेरच्या मोहिमांपैकी एक. पुढे 23 सप्टेंबर 1803 रोजी याच जिल्ह्यातील असई येथे इंग्रज आणि मराठे यांच्यात निर्णायक लढाई झाली. त्यानंतर जालन्यात लष्करी छावणी वसली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. आज हीच पेठ लोखंडी सळ्या, बियाणे आणि मोसंबीसाठी ओळखली जाते.

पाहावे काय?

स्टेशनवरून रिक्षाने गांधी चमन गाठावे आणि पुढे पायी फिरावे. गल्ल्या अरुंद आहेत, मोटार नेली तर डोकेदुखीच. आनंदस्वामींचे मंदिर जुन्या जालन्यात आहे. ते महादजी शिंदे यांनी बांधल्याचे सांगितले जाते. आषाढी एकादशीला येथील पालखीसाठी जिल्हाभरातून माणसे येतात. कुंडलिकेच्या परिसरातील मस्तगड हा अठराव्या शतकातील निजामकालीन किल्ला. मूर्तीवेस जुन्या तटबंदीची आठवण देते. धुळवडीला आल्यास ‘हत्ती रिसाला’ चुकवू नये.

सर्वात लक्ष देऊन पाहावी ती मात्र जमशेदखानाची कामे: काळी मशीद, तिच्याजवळची सराई आणि गावाच्या पश्चिमेचा मोती तलाव. या तलावातून जमिनीखालच्या नळांनी पाणी शहरातील हौदांपर्यंत आणले होते. सर्वात मोठा हौद सराईच्या चौकात होता. म्हणजे बाहेरगावचा वाटसरू जिथे उतरे, तिथेच पाणी.

मग अडते कुठे?

पाण्यापाशीच. नंतर निजाम राजवटीत घाणेवाडीचा तलाव झाला. अलीकडे जायकवाडीचे पाणी अंबडमार्गे जलवाहिनीने आले. तरीही जालन्यात नळाला रोज पाणी येत नाही, दिवस मोजावे लागतात. 2012-13 च्या दुष्काळात लोकांनी वर्गणी काढून घाणेवाडीतला गाळ उपसला होता. कुंडलिकेत सांडपाणी आणि कचरा आहे. नदीकाठ हाच जुन्या शहराचा दर्शनी भाग असताना तिथे कुणी थांबत नाही.

2023 मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. पाणी, कचरा, रस्ते यांतून वेळ आणि पैसा उरला तर वारसास्थळांकडे लक्ष, असा क्रम कोणत्याही नव्या महापालिकेत लागतो. पण काही कामे स्वस्त आहेत. स्टेशन आणि बसस्थानकावर जुन्या शहराचा नकाशा, काळी मशीद व मस्तगडापाशी दोन ओळींचा मराठी-इंग्रजी फलक, स्वच्छ स्वच्छतागृह. चिकलठाण्याच्या विमानतळावर अजिंठा-वेरूळची छायाचित्रे दिसतात. त्यांच्या शेजारी जालन्याचे एखादे लागायला महामार्गाइतका खर्च येणार नाही.

पाहुण्याने तूर्त काय करावे? चिकलठाण्याला सकाळी उतरत असाल तर जुने जालना पाहून संध्याकाळी परतता येते. उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार फिरणे टाळावे. दुसरा दिवस हाताशी असेल तर राजूरचा गणपती, असईचे रणांगण किंवा समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब यांपैकी एकच ठिकाण निवडावे, कारण राजूर आणि असई भोकरदनच्या बाजूला आहेत, तर जांब उलट दिशेला घनसावंगी तालुक्यात.