रंगाआधी रबर

बाबांची जुनी प्रीमियर पद्मिनी दुरुस्त करायची ठरली, तेव्हा घरात सगळ्यांना पडली होती रंगाची. माझं मत वेगळं: आधी दारांची रबरं बदला! रबर कडक झालं की पावसाचं पाणी आत झिरपतं, मॅटखाली साचतं आणि पत्रा आतून गंजतो. वरून रंग मात्र चकाचक!

जुना गोंद खरवडला, गंज घासला, नवं रबर न ताणता बसवलं (ताणलं की नंतर आखडतं). मग फटीत कागद धरून दार लावलं. कागद सहज निघाला तर तिथून पाणी येणारच. फार जाड रबरही नको, दार आपटावं लागतं.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. आता उरल्यात त्या घरोघरच्याच; त्या आपणच जपायच्या.

असो. बाबा दार अगदी हलकेच लावायचे... परवा ते तसंच लागलं.