मोबाईलवर नाणे उडवणारी मुलगी

परवा रात्री आम्ही शेजारच्या भाऊंकडे सहज डोकावलो. भाऊ नुकतेच सेकंड शिफ्ट करून आलेले. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेली. भाऊंचा पारा चढला. "गेम खेळायला फी भरतो का आम्ही?" पोरगी रडवेली झाली. "पप्पा, संख्याशास्त्राचा अभ्यास चाललाय."

आमचाही विश्वास बसला नाही, हे कबूल करतो. "दाखव बघू," म्हणालो. तिने आमच्याच हातावर रुपयाचे नाणे ठेवले. "काका, दहा वेळा उडवा." सात वेळा छापा पडला. "नाणंच खोटं दिसतंय," भाऊ म्हणाले. पोरगी आता हसली. दहा वेळा नाणे उडवले तर एकच बाजू सात किंवा त्याहून जास्त वेळा पडणे, हे खऱ्या नाण्याच्या बाबतीतही साधारण तीन खेपांत एकदा घडते. दहाच्या हिशेबावर कुणाला खोटे ठरवू नये!

मग तिने मोबाईलवर जिओजेब्रा उघडले. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली सुरू केलेले हे काम. विद्यार्थ्यांना ते फुकट मिळते. एक ओळ लिहिली की क्षणात हजार नाणी उडतात. छापा ४९१. पुन्हा केले, ५१२. ४७० ते ५३० च्या बाहेर आकडा साधारण वीस खेपांत एखाद्या वेळीच जातो. दहात सात नवल नाही, पण हजारात सातशे पडले तर नाणे खोटे म्हणायला हरकत नाही.

हेच पूर्वी हाताने करावे लागे. दुसऱ्या महायुद्धात जॉन केरिच नावाचे गणिताचे प्राध्यापक डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध होते. त्यांनी तेथे दहा हजार वेळा नाणे उडवून नोंद ठेवली. छापा पडला ५,०६७ वेळा. केवढी ही चिकाटी!

पण नुसते बटण दाबून ज्ञान येत नाही. मुलीच्या मॅडमचा नियम आम्हांला फार आवडला: आधी आपला अंदाज वहीत पेनाने लिहायचा, मगच मोबाईलला हात लावायचा. अंदाज चुकला की का चुकला, हे डोक्यात बसते. वही नसेल तर भाऊंचे रागावणे बरोबरच होते, असे आम्ही म्हणू.

पुढचा पाठ आपल्या नळाचा. समजा, गल्लीत दहा घरे. पाइपाच्या तोंडाशी असलेल्या तीन घरांना नव्वद मिनिटे पाणी, उरलेल्या सात घरांना वीसच मिनिटे. सरासरी निघते ४१ मिनिटे. कागदावर छान दिसते! पण घरे क्रमाने मांडून मधले पाहिले तर वीस. याला मध्यक म्हणतात. दोन्ही आकडे ॲप झटकन काढून देते. कोणता आकडा अर्जात लिहायचा, हे मात्र माणसाला कळावे लागते. आणि मिनिटे मोजायला पहाटे उठून दारोदार जावे लागते, ते काम ॲपचे नाही.

घरात मोबाईल एकच. धाकट्याचा अभ्यास आठपर्यंत, म्हणून ही पोरगी रात्री अकराला बसते. भाऊ बराच वेळ गप्प होते. मग मनगटावरचे घड्याळ काढून त्यांनी मुलीपुढे ठेवले. "रविवारी मला सुट्टी आहे. कोणत्या घरापासून मोजायचं?"