लग्नाचा मालक कोण?

मार्टिन ल्यूथर हा मुळात ब्रह्मचर्याची शपथ घेतलेला मठवासी. १५२५ साली त्याने मठ सोडलेल्या कॅथरीना फॉन बोरा हिच्याशी लग्न केले. लग्न ही इहलोकीची बाब आहे, ती पोपच्या ताब्यात नको आणि संसार करणारा माणूस ब्रह्मचाऱ्याहून हलका नाही, हे त्याचे म्हणणे. युरोपातील राजकीय मुक्तीच्या आधी ल्यूथरची धर्मसुधारणा आली, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' ग्रंथात दाखवून दिले आहे.

आपल्याकडे हे काम जोतिबांनी केले. १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाने भटाशिवाय लग्न लावले, तेव्हा नुसती दक्षिणा बुडाली नाही, भटाच्या सत्तेलाच हादरा बसला. पुढे बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीने विवाह केला.

मग आज परभणी जिल्ह्यात आम्ही काय पाहतो? मंगल परिणय बुद्धवंदनेने होतो, पण तारीख आधीच गुपचूप पंचांगात पाहिलेली असते. भट मांडवातून गेला, डोक्यातून नाही. काहींना तर भन्तेजींशिवाय लग्न अपुरे वाटते. भिक्खूंच्या ब्रह्मचर्याचा आम्हाला आदरच आहे. पण विनयात लग्न जुळवणे हा भिक्खूसाठी दोष आहे. आमच्या संसारावर शिक्का मारण्याचा अधिकार बुद्धाने त्यांना दिलेलाच नाही. जुना पुरोहित हाकलून नवा बसवणे, ही धम्मक्रांती नव्हे.

बांधवांनो, तारीख सोयीची ठरवा, मुलामुलीची संमती घ्या, हुंडा नाकारा आणि विवाहाची नोंदणी करा.

जय भीम!