एमएच २० आणि खारं पाणी

आमचे एक मेव्हणे पुण्यात असतात. मराठवाड्याच्या माणसानं गाडी घेऊन कोकणात जाऊच नये, हे त्यांचं ताजं मत. पुण्यात राहिलं की माणसाला अशी मतं आपोआप फुटतात. म्हणे तुम्हाला घाट उतरता येत नाही, मासे ओळखता येत नाहीत आणि समुद्र दिसला की तुम्ही त्याची तुलना जायकवाडीशी करता. यातला तिसरा आरोप मी मान्य करतो. पण जायकवाडीला आम्हीही उगाच नाथसागर म्हणत नाही.

मेव्हण्यांच्या नाकावर टिच्चून गेलोच. अहिल्यानगर, पुणे, ताम्हिणी, माणगाव असे उतरत मुरुड गाठलं. तिथून किनाऱ्यानं वर कोर्लई, रेवदंडा, चौल. रेवदंड्याला पोर्तुगीजांचा कोट आहे, आणि खाडीपलीकडच्या कोर्लईत आजही पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात. चौल तर सातवाहनांच्या काळातलं बंदर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात किनाऱ्यावरच्या बंदरांबरोबर आमचं पैठणही आहे. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, आणि माल धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्यांनी बंदरावर जायचा, असं तो लिहितो. म्हणजे मराठवाड्याच्या गाड्या दोन हजार वर्षांपासून समुद्राकडे जातायत. हे मेव्हण्यांना लगेच कळवलं. निळ्या खुणा उमटल्या, उत्तर नाही.

पण मला सांगायचंय ते मुरुडच्या जंजिऱ्याबद्दल. राजपुरीहून शिडाच्या होडीत बसलो. गाइड पोरगा चुणचुणीत होता. किल्ला बावीस एकर, बांधायला बावीस वर्षं, बुरूज बावीस, असं त्यानं एका श्वासात म्हणून टाकलं. बुरूज मोजून बघावेत म्हटलं, तर होडी पाऊण तासात परतणार! कलाल बांगडी तोफेपाशी फोटोसाठी रांग लावून झाल्यावर त्यानं विचारलं, "काका, कुठून आलात?"

"संभाजीनगर."

"अच्छा! तिकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं हो?"

वेरूळ नाही, अजिंठा नाही, बीबी का मकबरा नाही. आमची कीर्ती समुद्रात पोचलीय ती ही. आणि हे विचारतोय कोण, तर ज्याच्या चारी बाजूंना एक थेंब पिता येणार नाही असा माणूस.

त्यानंतर तो किल्ल्याच्या मालकांकडे, सिद्दींकडे वळला. हबशी, आफ्रिकेतून आलेले, शेवटपर्यंत किल्ला हातचा जाऊ न दिलेले. त्यांचं संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झालं. त्याचा सूर असा, की ही जगावेगळी गोष्ट फक्त इथेच घडली. आता मला राहवेना. अरे बाबा, आमचं शहर वसवलं तेही एका हबशानंच. मलिक अंबर. इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा वजीर झाला आणि १६१० च्या सुमारास त्यानं खडकी वसवली. पुढे त्याच गावाला औरंगजेबानं आपलं नाव दिलं. आणि आज ज्यांचं नाव आहे त्या संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये याच राजपुरीच्या खाडीत दगड टाकून जंजिऱ्यापर्यंत वाट बांधायला घेतली होती. त्याच सुमारास औरंगजेब दक्षिणेत उतरलेला, मोगल फौजा कोकणात घुसलेल्या, म्हणून त्यांना ते काम अर्ध्यावर टाकून मागे वळावं लागलं. गाइडनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, तलाव बघून घ्या, होडी सुटेल."

तलाव बघितले आणि माझी पुढची सहल तिथेच संपली. भर समुद्रात, कातळाच्या बेटावर, गोड्या पाण्याचे दोन मोठे बांधीव तलाव! मेव्हणे, सिद्दी, तोफा सगळं बाजूला राहिलं. कारण अंबरानं आमच्याकडेही हेच केलं होतं. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून, नुसत्या उतारावर, पंपाशिवाय गावात आणलं. त्या नहरींना आजही त्याचं नाव आहे. आम्ही पाहुण्यांना तिकीट काढून पाणचक्की दाखवतो, पाणी कसं वर चढतं ते समजावून सांगतो आणि पाणी यायचा वार असला की अर्ध्यातून घरी पळतो.

मुक्कामाच्या लॉजवर खोली सोडायची वेळ झाली. मी सामान गाडीत टाकून वर आलो तर बायको न्हाणीघरात. दोन्ही बादल्या, टब, मग, अगदी चहाची किटलीसुद्धा काठोकाठ भरलेली. किल्ली घ्यायला आलेला पोरगा बघतच राहिला.

"काकू, आमच्याकडे नळ चोवीस तास असतो."

"असू दे रे," ती म्हणाली, "दिसलं की भरून ठेवावं. आणि झाकण कुठंय याचं?"