कौटुंबिक न्यायाला हवे संवादाचे व्यासपीठ

कौटुंबिक न्यायालयातील दावा वरकरणी पती आणि पत्नी यांच्यातील असतो. परंतु तो निकाली निघेपर्यंत त्याला अनेकांचे हात लागलेले असतात. विवाह समुपदेशक दोघांची बाजू ऐकून घेतात, वकील अर्ज आणि कैफियती तयार करतात, मानसोपचारतज्ज्ञ मुलाशी बोलतात, संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल देतात आणि अखेर न्यायाधीश आदेश करतात. एकाच कुटुंबाभोवती वावरणारी ही मंडळी एकमेकांना भेटतात ती बहुधा कागदपत्रांतूनच. आपल्या कामाचा त्या कुटुंबावर काय परिणाम झाला, याचा एकत्र बसून विचार करण्याची प्रथा आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. ही उणीव किरकोळ समजली जाते, पण तिची किंमत पक्षकारांना आणि विशेषतः त्यांच्या मुलांना मोजावी लागते.

वास्तविक कायद्याची मूळ कल्पना सहकार्याचीच होती. कौटुंबिक वादांकडे नेहमीच्या दिवाणी दाव्यांपेक्षा वेगळ्या दृष्टीने पाहावे, ही विधी आयोगाने १९७४ मध्ये केलेली शिफारस १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यामागे होती. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई येथे ही न्यायालये १९८९ मध्ये सुरू झाली. समाजकल्याण संस्थांचा न्यायालयाशी संबंध असावा, समुपदेशकांची नेमणूक व्हावी, वैद्यकीय आणि कुटुंबकल्याण क्षेत्रातील तज्ज्ञांचे साहाय्य घेता यावे, अशा तरतुदी या कायद्यात आहेत. न्यायदान हे येथे एकट्या न्यायाधीशाचे काम नाही, हे कायदेमंडळाने मान्य केले होते. मात्र या सर्वांनी परस्परांशी कधी आणि कोठे बोलावे, हे कोणी ठरवले नाही.

प्रशिक्षणाची सोय नाही असे नव्हे. न्यायाधीशांसाठी भोपाळची राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे, उत्तन येथे महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. वकील संघटना व्याख्याने ठेवतात, समाजकार्याच्या संस्था कार्यशाळा घेतात. परंतु बहुतेक ठिकाणी प्रत्येक जण आपापल्या वर्गातच बसतो. शिवाय आपल्या चर्चासत्रांचा साचाही ठरलेला आहे. दीपप्रज्वलन, स्वागत आणि पाहुण्यांची भाषणे यांत वेळ संपतो आणि प्रश्नोत्तरांना कात्री लागते. नव्या निकालांची माहिती त्यातून मिळते. पण ‘मी त्या मुलाला तो प्रश्न विचारायला हवा होता का’ अशा शंकेला तेथे जागा नसते.

अशा शंका किती गंभीर असतात, हे एका निकालावरून लक्षात येते. मध्यस्थीत झालेले बोलणे गोपनीय राहावे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. मात्र मुलाच्या ताब्याच्या वादात समुपदेशकाचा अहवाल या गोपनीयतेला अपवाद ठरू शकतो आणि मुलाच्या हितासाठी न्यायालय तो विचारात घेऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०१९ रोजी स्पष्ट केले. कायद्याचा प्रश्न तेथे सुटला. व्यवहाराचा प्रश्न तेथूनच सुरू झाला. समुपदेशकाने मुलाला आधी काय सांगावे? ‘तुझे बोलणे कोणाला कळणार नाही’ असा शब्द त्याने द्यावा का? अहवालात मुलाचे वाक्य जसेच्या तसे लिहावे की केवळ निरीक्षण नोंदवावे? आई किंवा वडिलांनी पढवलेले बोलणे न्यायाधीशांनी कसे ओळखावे? यांपैकी एकाही प्रश्नाचे पूर्ण उत्तर कोणत्याही एका व्यवसायाकडे नाही. समुपदेशक, न्यायाधीश, वकील आणि बालमानसतज्ज्ञ यांनी एकत्र बसूनच ते शोधावे लागेल.

इंग्लंडला हा धडा कटू अनुभवातून मिळाला. तेथील क्लीव्हलँड परगण्यात १९८७ मध्ये काही महिन्यांतच सुमारे १२१ मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे निदान करण्यात आले आणि अनेक मुलांना घरापासून दूर करण्यात आले. पुढे त्यांपैकी बहुतेक मुले न्यायालयांच्या आदेशांनंतर घरी परतली. न्यायमूर्ती एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांच्या १९८८ च्या चौकशी अहवालाने डॉक्टर, पोलीस आणि समाजसेवक यांच्यातील विसंवादावर बोट ठेवले. पुढील काळात तेथे न्यायाधीश, डॉक्टर, समाजसेवक आणि वकील यांच्या एकत्रित परिषदा होऊ लागल्या, तर २००४ मध्ये विविध व्यवसायांच्या प्रतिनिधींची कौटुंबिक न्याय परिषद अस्तित्वात आली. त्यामुळे तेथील सारे प्रश्न संपले असे नाही. पण प्रश्न एकत्र मांडण्याची जागा निर्माण झाली.

आपल्याकडे यावर आक्षेप घेतले जातील. प्रलंबित दाव्यातील वकिलांसमवेत न्यायाधीश चर्चेला बसले, तर निःपक्षपातीपणाचे काय? पक्षकारांच्या खासगी बाबी बाहेर गेल्या तर? हे आक्षेप रास्त आहेत आणि त्यांची उत्तरेही देता येतात. चर्चा केवळ संपलेल्या प्रकरणांवर, नावे आणि ओळख पटेल असा तपशील वगळून व्हावी. गट लहान असावा. तेथे व्यक्त केलेल्या मताची नोंद कोणाच्या सेवापुस्तकात जाऊ नये. कामाचा ताण हे कारण मात्र फार टिकणारे नाही. रोज तुटणारे संसार पाहणाऱ्या समुपदेशकाच्या मनावर जे साचते, ते मोकळे करायला जागा नसेल, तर काम यांत्रिक होत जाते.

यासाठी नवा कायदा लागत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याच्या कलम ११ नुसार पोलीस आणि न्यायिक अधिकाऱ्यांचे नियतकालिक प्रशिक्षण, तसेच संबंधित खात्यांमधील समन्वय आणि त्याचा वेळोवेळी आढावा ही सरकारचीच जबाबदारी आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांची यंत्रणा तयार आहे. त्यांनी दोन महिन्यांतून एक दुपार यासाठी राखून ठेवली, तरी सुरुवात होईल. त्याला मोठा खर्च लागत नाही, पाहुण्यांचीही गरज नाही.

आई-वडिलांच्या भांडणात सापडलेले मूल आपली गोष्ट आधी समुपदेशकाला सांगते, मग डॉक्टरांना, मग न्यायाधीशांना. दर वेळी ते नव्याने दुखावते. त्याला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लागू नये असे वाटत असेल, तर ऐकणाऱ्यांनी आधी एकमेकांशी बोलायला हवे.