केशरचनेचें नवें खूळ आणि आमचे तरुण

हल्लीं रविवारीं सकाळीं कोणत्याहि तालुक्याच्या गांवीं सलूनच्या दारावरून जावें, तर आंत पंधरा-सोळा वर्षांचीं पांच-सहा पोरें मोबाइलमधील एखाद्या क्रिकेटवाल्याचें किंवा नटाचें चित्र कारागिरापुढें धरून बसलेलीं दिसतात. कानांवरचें रान साफ आणि माथ्यावर तुरा, हा 'फेड'. पुढें आंखूड आणि मानेवर शेपूट, हें 'मलेट'. २००३ सालीं 'तेरे नाम' पाहून आलेल्या पोरांनीं मधोमध भांग पाडून केस कपाळावर सोडले. २००८ सालीं 'गजनी' पाहून त्यांच्याच धाकट्या भावांनीं डोक्यावर नांगरट करून घेतली. आज ती जागा फेडनें घेतली आहे, उद्यां आणखी कोणी घेईल. यावरून घरोघरीं बापलेकांत जुंपते, आणि कांहीं शाळांतून तर शिक्षकच हातांत कातर घेऊन भर वर्गांत मुलाच्या डोक्यावर वाट पाडतात. या प्रकरणीं आमचें मत काय, असें वाचक विचारतील. तें आम्ही आडपडदा न ठेवतां सांगतों.

प्रथम वडील मंडळींस व शिक्षकांस दोन शब्द. 'आमच्या वेळीं असें नव्हतें' हें म्हणणें सोपें आहे. पण पूर्वीं काय होतें, तें जरा आठवावें. शेंडी कोणी राखावी, घेरा कोणी ठेवावा, वस्तरा कोणाच्या डोक्यास लागावा आणि कोणाच्या लागूं नये, हें डोकेंवाला ठरवीत नसे. जात ठरवीत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लहानपणीं साताऱ्यास असतांना अस्पृश्याच्या मुलाच्या डोक्यास न्हावी हात लावीत नसे. त्यांचे केस घरीं बहिणीनें कापावे लागत. तिकडे उच्चवर्णीयांच्या घरीं तरण्याताठ्या विधवांच्या डोक्यावर धर्माच्या नांवानें वस्तरा फिरत असे. तेव्हां १८९० सालीं मुंबईच्या नाभिकांनीं सभा भरवून, हें काम आम्ही करणार नाहीं, असा निश्चय केला. त्यामागें 'दीनबंधु'कर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांची खटपट होती. ज्याचें पोट वस्तऱ्यावर, त्यानेंच वस्तरा खालीं ठेवला! आपल्या डोक्यावर आपला हक्क, ही गोष्ट अशी झगडून मिळालेली आहे. सबब पोराचा तुरा तुम्हांस आवडो वा न आवडो, त्यावर जबरीनें कातर चालविण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. चारचौघांत भादरलेल्या मुलास शिस्त लागत नाहीं. त्याच्या मनांत शाळेविषयीं द्वेष मात्र कायमचा बसतो.

आतां तरुणांस. हक्क तुमचा हें खरें. पण हिशेबहि तुमचाच आहे. फेडची सारी शोभा मिलिमीटरवर उभी असते. खालीं शून्य नंबर, वर एक नंबर म्हणजे तीन मिलिमीटर, त्यावर दोन नंबर म्हणजे सहा. आणि केस तर महिन्यास एक सेंटिमीटर किंवा थोडे अधिकच वाढतात. म्हणजे पंधरा दिवसांत शून्याचे जवळजवळ दोन नंबर होतात, पायऱ्या बुजतात आणि ऐट उतरते. ती टिकवावयाची तर दर पंधरवड्यास खुर्चीवर बसलें पाहिजे. वर्षांतून सव्वीस वेळां. दर खेपेस दीडशे रुपये धरले तरी ३,९०० रुपये झाले. साधे केस दीड महिन्यानें कापले, तर वर्षांत आठ-नऊ खेपांत भागतें. मेण, फवारा व रंग यांचा खर्च निराळाच. ज्याचा बाप दुसऱ्याच्या बांधावर रोजानें जातो, त्यानें हा आंकडा एकदां पाटीवर मांडून पाहावा. पुस्तकास पैसे नाहींत म्हणणाऱ्या घरांत तुऱ्यास पैसे निघतात, हें आम्हांस पाहवत नाहीं. ज्या नटाचें चित्र तुम्ही दाखवितां, त्याचे केस रोज विंचरावयास पगारी माणूस असतो. तुमच्या डोक्यास तुम्ही आणि नळाचें पाणीच आहे.

शिवाय रसायनांची गोष्ट. केस सरळ करण्याच्या कांहीं द्रव्यांतून फॉर्माल्डिहाइडची वाफ निघते. ती डोळ्यांस व घशास झोंबते. गिऱ्हाईक ती वर्षांतून एकदां घेतें, कारागीर मात्र दिवसभर घेतो. काळा रंग कित्येकांच्या कातडीस सोसत नाहीं. तो आधीं कानामागें थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी.

पण या सर्व गडबडींत ज्याच्याकडे कोणाचेंच लक्ष नाहीं, तो खुर्चीमागें उभा असलेला कारागीर. लोखंडे यांच्या खटपटीनें १८९० सालींच गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळाली. तो रविवार नाभिकास मात्र सर्वांत कष्टाचा. सकाळपासून रात्रीपर्यंत पायांवर उभें राहावयाचें. २०२० च्या टाळेबंदींत सलून महिनेमहिने बंद राहिले. जूनअखेर महाराष्ट्रांत ते उघडले, तेव्हांहि केस कापण्यास परवानगी मिळाली, दाढीस नाहीं. त्या दिवसांत ज्यांचें रोजचें आणून रोजचें खाणें, त्यांच्या चुली कशा पेटल्या, हें फॅशनवाल्यांपैकीं कितीजणांनीं विचारलें? आतां शहरांत कांचेच्या दुकानांत दर चौपट झाले; पण दुकान भांडवलवाल्याचें आणि कात्री मात्र आमच्या भावाची, असा प्रकार जागोजाग दिसतो. बलुतें गेलें, पण कसब एकाचें आणि लाभ दुसऱ्याचा हा न्याय गेला नाहीं. आणि ज्याच्या हातून आपण देखणे होतों, त्याच्याच जातीचें नांव शिवी म्हणून वापरण्याची संवय तरी कोठें सुटली आहे?

नाभिक बांधवांसहि आमचें स्पष्ट सांगणें आहे. राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ च्या कायद्यानें ती पाळणें गुन्हा ठरविला. तरीहि दलिताचे केस कापण्यास नकार दिल्याच्या बातम्या देशांतून अधूनमधून येतातच. गांवकीच्या भीतीनें असें करणाऱ्यानें १८९० सालच्या आपल्याच पूर्वजांचें स्मरण करावें. विधवांसाठीं ज्यांनीं पोटावर पाय आणून घेतला, त्यांच्या वारसास हें शोभत नाहीं.

सारांश, तरुणांनीं आपल्या डोक्यास आणि खिशास पेलेल तेवढीच ऐट करावी. आईबापांनीं डोक्यावरच्या केसांपेक्षां डोक्याच्या आंत काय चाललें आहे, तिकडे अधिक लक्ष द्यावें. गिऱ्हाइकानें प्रत्येक वेळीं नवें पातें मागावें, घासाघीस न करतां मजुरी द्यावी आणि कारागिरास आदरानें हांक मारावी. नाभिक संघांनीं आठवड्याची एक सुटी सर्वत्र पाळून घ्यावी, मुलांस नवें कसब शिकवावें आणि स्वतःचीं दुकानें एकजुटीनें उभारावीं. केस पंधरा दिवसांत पुन्हां वाढतात. गेलेला मान वाढावयास पिढ्या लागतात. त्याची निगा आधीं राखूं या.